चीजचं रुखवत

मुलाने जाहीर केलं, बोलणी करायला मुलीकडचे येतील तेव्हा कांदेपोहे होणार नाहीत. मी मेथी निवडत होते. म्हटलं, "का रे? पोह्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" तर म्हणे तिला चालणार नाही. तिच्या मोठ्या बहिणीला पोह्यांचा ट्रे घेऊन इतक्यांदा परक्यांसमोर यावं लागलेलं की हिने तेव्हाच ठरवलेलं, आपल्या लग्नात पोहे दिसता कामा नयेत. अरे पण इथे ती पाहुणी, ट्रे मी फिरवणार, तिला काय त्याचं? पण या दोघांचं आपापसात सगळं आधीच ठरलेलं असतं. आपल्याला फक्त कळवतात.

"मग काय देऊ त्यांना? नुसता चहा?"

"चीज बोर्ड ठेवू."

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. एक लाकडी फळी, तिच्यावर तऱ्हेतऱ्हेच्या चीजचे तुकडे, पातळ खारी बिस्किटं, द्राक्षं, अक्रोड, सुके अंजीर, मधाची वाटी. पहिल्यांदा बघितलं तर कोणीतरी पिशवी उपडी केल्यासारखं, पण नीट बघितलं तर एकेक वस्तू मुद्दाम लावलेली. "कोणी कोणाला वाढायचं नाही, आई. मधोमध ठेवायचं, गप्पा मारता मारता ज्याने त्याने उचलायचं." आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "पोट भरतं का त्याने?"

तो फोटो मी परत परत बघत राहिले, कारण असं मांडणं हे माझ्या ताईचं काम.

ताई माझ्याहून मोठी, कल्याणला असते. आमच्या नात्यागोत्यातल्या, आणि नात्यात नसलेल्याही, किती मुलींची रुखवतं तिने केली असतील देव जाणे. लग्नाच्या हॉलमध्ये मुलीकडच्यांचं ते टेबल असतं ना, ते सगळं तिच्या हातचं असायचं. लाडवांचे मनोरे, करंज्यांची कमळं, रंगीत कुरडयांच्या वेली, सुपारीचे नवरा-नवरी. एकदा तर तिने शेवेचं छप्पर घालून अख्खं कौलारू घर केलेलं, मागे शहाळ्याच्या सालीची विहीर. लोक जेवायचं सोडून टेबलाभोवती उभे राहायचे. आणि ताई तेव्हा कशी असायची! पदर खोचलेला, हातात पक्कड, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "ए, तो लाडू हलवू नकोस. कोणी आणल्या या करंज्या? फेकून द्या." तिच्यासमोर बोलायची कोणाची हिंमत नसायची. माझी तर नाहीच.

मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत भाओजी गेले. आणि रुखवताचे फोन थांबले.

कोणी काही बोललं नाही हो. तोच तर वैताग आहे. बोलले असते तर मी एकेकाला बघून घेतलं असतं. आमच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न ठरलं, ताईने कुरडया करून ठेवलेल्या, तर वहिनीचा फोन आला, "ताई, या वेळी बाहेर ऑर्डर देतोय, तुम्हाला कशाला त्रास?" त्रास! आयुष्यभर बाईने हौसेने केलं तेव्हा त्रास नव्हता. मला इतका संताप आला की मी त्या लग्नाला जाणारच नव्हते. पण ताई म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, मंगल कार्यात उगाच कोणाच्या मनात यायला नको. आणि तेव्हापासून कोणी बाजूला करायच्या आत ती स्वतःच बाजूला व्हायला लागली. ओटी भरायची वेळ झाली की ही उठून स्वयंपाकघरात. फोटोला बोलावलं की हिचं कोणाला तरी पाणी द्यायचं राहिलेलं. मला ते बघवायचं नाही. माझी दबंग बहीण, आणि तिला आपले हात कुठे ठेवावेत कळेनासं झालेलं.

तर मी ठरवलं, हा चीज बोर्ड ताईच मांडेल. निदान आमच्या घरात तरी तिचा हात पुन्हा पुढे येऊ दे.

फोन केला तर मी ताकाला जाऊन भांडं लपवत बसले. तब्येत विचारली, पाण्याचा टँकर येतो का विचारलं. शेवटी तीच म्हणाली, "नमनाला घडाभर तेल नको, काय हवंय ते सांग." सांगितलं. लगेच "नको गं. पहिल्यांदा येतायत ती माणसं. मंगल कामात माझा हात नको."

"कसलं डोंबलाचं मंगल काम? चीज आहे ते! चीज सवाष्णीनेच कापावं असं कुठल्या पोथीत लिहिलंय दाखव."

ती म्हणाली, "तसं खरं म्हणजे चीजला शास्त्र नसतं."

"नसतंच. आणि असलं तर ते आपल्याला लागू नाही. तू ये."

रविवारी सकाळी ती एसटीने आली, खोपटच्या एसटी स्टँडवर उतरली आणि तिथून रिक्षाने आमच्या वर्तकनगरला. बरोबर पिशवीत कोथिंबीर, गाजरं आणि केळीचं पान. म्हणजे विचार करून आलेली. पण घरात आल्यावर मात्र स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मांडीवर हात ठेवून बसली. "तू मांड, मी सांगते."

मुलाने फ्रिजमधून चीज काढून ओट्यावर ठेवलं. एक पिवळं, एक भगवं, एक जिरं घातलेलं, एक मऊ, पांढरट सालीचं. ताईने मऊवालं नाकाशी नेलं आणि मुलाकडे बघितलं. "हे उतरलंय का रे?"

"नाही गं मावशी, त्याचा वासच तसा असतो."

"पैसे देऊन आणलंस?"

फळीही त्याने ऑनलाइन मागवलेली. पाटीएवढी होती. ताई म्हणाली, एवढ्याशा फळीवर काय मांडणार, कपाळ? मग शोकेसमधली एक फळी आम्ही काढली, घासूनपुसून तिच्यावर केळीचं पान अंथरलं, आणि मी मांडायला घेतलं. आता मी काही अगदीच अडाणी नाही, पण त्या दिवशी मुद्दाम वेंधळेपणा केला. द्राक्षांचा एका कोपऱ्यात ढीग ओतला. चीजचे लहान-मोठे तुकडे केले. बिस्किटं पत्त्यांसारखी पसरली. ताई बघत होती. तिची बोटं मांडीवर चुळबुळ करत होती. मी मधाची वाटी जिथे अजिबात ठेवू नये तिथे ठेवली.

"सर बाजूला," ती म्हणाली.

मी सरले. त्यानंतर दोन-अडीच तास ताईने मला फक्त कामाला लावलं. सुरी गरम पाण्यात बुडवून दे, पुसून दे. मऊ चीज असं कापतात होय, वडी पाडतेस का कुस्ती खेळतेस? अक्रोड दे. ते नको, अख्खे दे. मऊ चीजची साल तिने पपईसारखी सोलून टाकली. मुलगा "अगं, ती खातात" म्हणाला, तर ती म्हणाली, "तू खा." पदर केव्हाच खोचला गेलेला.

आणि झाला काय तर मोर. बिस्किटांचा पिसारा, एकेका पिसावर भगव्या चीजची चकती आणि तिच्यावर अर्धं द्राक्ष, म्हणजे डोळा. मान मऊ चीजची, लवंगेचा डोळा, गाजराचा तुरा. एका बाजूला पिवळ्या चीजच्या विटा रचून विहीर, आत मध. दुसऱ्या बाजूला चीजच्या दोन उभ्या वड्या, नवरा आणि नवरी, गाजराच्या किसाच्या मुंडावळ्या बांधून. भोवती कोथिंबिरीचं शेत. मुलगा आंघोळ करून बाहेर आला आणि बघतच राहिला. त्याला काय हवं होतं ते मला माहीत होतं. त्या फोटोतलं, सहज ठेवल्यासारखं. आणि समोर हे.

"चुकलं का रे काही?" ताईने विचारलं. अगदी हळू आवाजात.

"नाही गं मावशी," तो म्हणाला. "कसलं जबरदस्त आहे!" आणि त्याने लगेच फोटो काढून त्या मुलीला पाठवला. माझ्या मुलाबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण त्या क्षणी मी त्याला सगळ्या माफ केल्या.

डोंबिवलीहून पाहुणे आले. मुलगी, तिचे आईवडील आणि वडिलांची मोठी बहीण, म्हणजे मुलीची आत्या. आत्याबाई ठसठशीत कुंकू लावलेल्या, बोलायला मोकळ्या, आणि घरात त्यांचा शब्द चालत असावा असं दारातच कळलं, कारण चपला कुठे काढायच्या तेही भावजयीला त्यांनीच सांगितलं. ताई पाणी देऊन आत गेली. मी खुणेने बाहेर बस म्हटलं, तर तिनेही खुणेनेच सांगितलं, आधी बोलणी होऊ देत.

पाहुण्यांनी फळी बघितली आणि "अगंबाई!" झालं. उठून चारी बाजूंनी बघितलं. मोबाइल निघाले. विहीणबाईंनी नवरा-नवरीचा जवळून फोटो काढला. आत्याबाई म्हणाल्या, "काय नजर आहे हो, डोळासुद्धा लवंगेचा." मी सुखावले. म्हटलं, "घ्या ना." "हो हो, घेतो," सगळे म्हणाले आणि जाऊन आपापल्या जागी हात बांधून बसले.

बोलणी सुरू झाली. हॉल कुठला, दोन्हीकडची माणसं किती, साखरपुडा वेगळा की आदल्या दिवशी. फळीकडे कोणी हात नेला नाही. मी दोनदा "घ्या, संकोच करू नका" म्हटलं. दोन्ही वेळा सगळ्यांनी मान डोलावली. व्याही मधूनमधून स्वयंपाकघराच्या दिशेने बघत होते. चीजला घाम फुटायला लागला. मोराची मान एका अंगाला कलायला लागली. माझा मुलगा आणि ती मुलगी एकमेकांकडे बघून हसू दाबत होते, ते त्यांच्या जगात.

मी चहाचं बघायला आत गेले, तर ताई पिशवी भरून उभी. खोचलेला पदर सोडलेला, तोंड धुतलेलं.

"कोणी हात लावला नाही ना?" ती म्हणाली. "त्यांना कळलंय. कोणीतरी सांगितलं असणार. मी तुला सांगत होते. तुझ्या मुलाचं कशाला बिघडवतेस माझ्यापायी?"

"अगं, काहीतरीच काय!"

"मला ऐकू येतंय इथून. फोटो काढले, वा वा केली, आणि कोणी तोंडात घातलं नाही. मी जाते. तू सांग, शेजारीण होती म्हणून."

शेजारीण! माझी बहीण माझ्याच घरात शेजारीण होऊन निघालेली. मला रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. रागात मी काय करते ते मला नंतर कळतं. मी तशीच बाहेर गेले, फळीसमोर उभी राहिले, आणि मोराची मान मोडली. सगळे आ करून बघत राहिले. ती मान मी एका बिस्किटावर थापली आणि आत्याबाईंच्या हातात दिली.

"खायचं आहे हे! का खात नाही तुम्ही?"

"खायचं आहे?" आत्याबाई म्हणाल्या. "अहो, आम्हाला वाटलं हे तुमचं रुखवत!"

"आम्ही म्हटलं मुलाकडच्यांची नवीन पद्धत असेल," विहीणबाई म्हणाल्या. "बघायला ठेवलंय, खायचं मागून येईल. रुखवताला कोण हात लावतं?"

व्याही म्हणाले, "मी तर केव्हापासून पोह्यांच्या वासाची वाट बघतोय." आणि त्यांनी पिसाऱ्यातली दोन पिसं एकदम उचलली. आमचे हे विहिरीवर घसरले. मुलगा मोठ्याने हसला, मुलगी हसली, आणि मी आत जाऊन ताईच्या हातातली पिशवी काढून घेतली. "अगं वेडाबाई, त्यांना रुखवत वाटलं! मोडवेना म्हणून बसलेत. आता ये बाहेर, नाहीतर तुला ओढत नेईन." खरं म्हणजे तिला मी ओढतच नेलं.

बाहेर तोपर्यंत फळीचं शेत झालेलं, कापणीनंतरचं. आत्याबाई मधात बिस्किट बुडवून खात होत्या आणि आधी खाल्लेल्यांच्या चुऱ्याने त्यांची मांडी भरलेली. मी म्हटलं, "ही माझी ताई. हे सगळं हिने केलंय."

विहीणबाई सोफ्यावरून पुढे सरकल्या. "ताई, खरं सांगते, आमच्याकडे रुखवतातलं कोणाला ओ की ठो कळत नाही. मोठीच्या वेळी बाहेरून आणलं, तर काचेच्या पेटीत प्लास्टिकची बाहुली दिली. तुम्ही कराल का हो आमच्या हिचं रुखवत?"

मी ताईकडे बघत होते. तिचा चेहरा जो उजळला तो मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. पण तेवढ्यात आत्याबाईंनी विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

"नाहीत ते. कोरोनात गेले."

"अरेरे," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. मग त्या भावजयीकडे वळल्या. "मग रुखवताचं आपण दुसरीकडे बघू या. तसं काही नाही हो, पण सवाष्णीच्या हातचं असलेलं बरं." पंखा जरा कमी करा म्हणावं, तशा म्हणाल्या. बोलण्यात विखार असता तर सोपं गेलं असतं.

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाली. "मीही तेच म्हणत असते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्यांनी खोकून मला इशारा दिला. आज तोंडावर ताबा ठेवायचा असं मी सकाळी कबूल केलेलं. गेलं ते कबूल करणं खड्ड्यात, म्हणून मी तोंड उघडलंच होतं, पण मुलगी माझ्या आधी बोलली.

"आत्या, मग ते बिस्किट खाली ठेव."

"कुठलं?"

"हातातलं. तेही मावशींच्याच हातचं आहे. आधीची पोटात गेली, त्याला आता इलाज नाही."

माझा मुलगा खाली मान घालून स्वतःच्या पायांकडे बघत होता. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, खाणं वेगळं आणि रुखवत वेगळं."

"कसं वेगळं? रुखवत शेवटी मीच खाणार ना, इथे या घरात येऊन? मला चालतंय." मग ती आईकडे वळली. "आई, तू त्यांना विचारलंस. त्यांचं उत्तर अजून यायचंय."

आता सगळे विहीणबाईंकडे बघायला लागले. त्या नणंदेला दबून असतात हे आतापर्यंत आम्हा सगळ्यांना कळलेलं. त्यांनी एकदा नणंदेकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. नवरा अक्रोड चावत होता, त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांनी पदर सारखा केला.

"मी विचारलं ते विचारलं," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण म्हणाल्या. "ताई, कराल का?"

ताई पदराने हात पुसत राहिली, कोरडे हात. मला वाटलं, आता ही नको म्हणणार. तिला नको म्हणायची इतकी सवय झालेली.

"हॉलवाले टेबल केवढं देतात?" तिने विचारलं.

"टेबल? माहीत नाही हो."

"ते आधी विचारा. लहान असेल तर दोन लागतील. आणि चादर पांढरी हवी, झगझगीत साटीन असेल तर मी मांडणार नाही. करंज्या बाहेरून आणू नका, मला रंगावरून कळतं. कुरडया आता उन्हात घालायला हव्यात, नाहीतर मग रडत बसाल."

मी चहाच्या निमित्ताने आत गेले आणि ओटा धरून रडले. आनंदानेच रडले, चांगली हुंदके देऊन, आणि गॅसवर चहा उतू गेला तरी हलले नाही. आमचे हे आत येऊन गॅस बंद करून गेले. बाहेर ताईचा आवाज चढत चाललेला. कोणाला तरी झापत होती. मी डोळे पुसून कान दिला.

"तुम्ही सवाष्ण आहात ना?" ती आत्याबाईंना म्हणत होती. "मग लाडू वळायला तुम्ही या. पण वेळेवर यायचं. मला उशीर झालेला चालत नाही."



"किती वाजता येऊ?" आत्याबाईंनी विचारलं.